डोंगरात राहायला गेलात आणि मन लागत नाहीये? कविता आणि निसर्ग कामाला कसे लावायचे

डोंगरात फिरायला जाणं वेगळं आणि डोंगरात राहायला जाणं वेगळं. फिरायला आलेला माणूस दोन दिवस व्ह्यू बघतो, फोटो काढतो आणि उतरून जातो, राहणाऱ्याला तोच व्ह्यू रोज उठून दिसतो आणि काही आठवड्यांत दिसायचाच बंद होतो, म्हणजे डोळ्यासमोर असतो पण आत काही पोचत नाही. मग लाईट जाते, नेटवर्क जातं, पाऊस नाहीतर धुकं चार चार दिवस हटत नाही, बोलायला कोणी नसतं आणि खालची मंडळी फोनवर म्हणतात, काय मजा आहे बुवा तुमची, स्वर्गात राहताय! आता यावर काय बोलणार, तक्रार करायचीसुद्धा सोय राहत नाही.

तर हे सगळं अशा लोकांसाठी लिहितेय, नोकरीमुळे गेलेले, तब्येतीमुळे गेलेले, हौसेने गेलेले आणि आता गप्प गप्प झालेले. माझं मत असं की नुसत्या सुंदर दृश्यावर फार दिवस निघत नाहीत. रोज एक बारकी गोष्ट बघायची सवय आणि तोंडपाठ असलेल्या चार ओळी, एवढ्यावर मात्र बरेच निघतात. कवितेचं वेड असलंच पाहिजे असं काही नाही, शाळेनंतर कविता वाचलीच नसेल तरी चालेल, उलट बरंच आहे, डोक्यात संदर्भासहित स्पष्टीकरण येणार नाही.

आधी शरीराचं बघून घ्या

हे थोडक्यात सांगते पण वगळू नका. घर २५०० मीटरच्या वर असेल आणि नुकतेच गेला असाल तर पहिले काही दिवस झोप तुटते, डोकं दुखतं, चिडचिड होते, भूक लागत नाही, हे विरळ हवेमुळे असतं. अशा वेळी कविता घेऊन बसायचं नाही, आराम करायचा, पाणी प्यायचं, आणखी वर चढायचं नाही. डोकेदुखी वाढतच गेली, बसल्या जागी धाप लागायला लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर ताबडतोब खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

दुसरी गोष्ट ऊन. दरीत किंवा कड्याच्या पोटाशी घर असेल तर सूर्य कॅलेंडरमधल्या वेळेला मावळत नाही, त्याच्या कितीतरी आधी डोंगराआड जातो आणि उगवतोही उशिरा. याचा मनावर केवढा परिणाम होतो ते नॉर्वेतल्या र्‍युकान गावावरून कळतं. ते गाव खोल दरीत आहे, सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत तिथे थेट ऊन पोचतच नाही, तर त्या लोकांनी २०१३ मध्ये समोरच्या डोंगरावर मोठे आरसे बसवले आणि गावाच्या चौकात ऊन पाडलं! आपल्याला आरसे लावायची गरज नाही, पण घरावर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, अंगणाचा कुठला कोपरा सगळ्यात शेवटी उजेडात असतो, हे वहीत लिहून काढा आणि त्या वेळेला त्या कोपऱ्यात जाऊन बसा. ऊन नसलं तरी बाहेर पडा, ढगाळ दिवसाचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. फक्त उघड्यावर जास्त वेळ बसणार असाल तर डोकं झाका कारण दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात, हवा गार असते म्हणून कळत नाही आणि संध्याकाळी नाक सोलवटलेलं असतं.

एकच जागा पकडा

नवीन लोक काय करतात की रोज नवा पॉइंट, नवी वाट, नवा धबधबा शोधतात. सुरुवातीला ठीक आहे पण त्याने आपण टुरिस्टच राहतो. घरापासून चार-पाच मिनिटांवरची एक जागा ठरवा, एखादा दगड, एखादं झाड, बांधाचा कोपरा, पायरी असली तरी चालेल, आणि रोज तिथेच जा. कंटाळा येईल, येऊ दे, कंटाळ्यानंतरच दिसायला लागतं सगळं.

काय बघायचं? तर मी दोन गोष्टींपासून सुरुवात करायला सांगेन, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीला दुर्बिण वगैरे लागत नाही.

पहिली, दगडफूल. दगडावर जे राखाडी-हिरवे, पिवळसर, कधी शेंदरी चट्टे असतात ना ते. लांबून नुसता डाग वाटतो, आता नाक टेकेल इतकं जवळ जा. कडा कातरल्यासारख्या असतात, मधे बारीक काळे ठिपके नाहीतर इवल्याशा वाट्या दिसतात, आणि दोन चट्टे एकमेकांना भिडले तर मधे काळी रेघ, शेताच्या हद्दीसारखी. कोरड्या दिवशी बोटाने पाण्याचे चार थेंब टाका आणि थांबा, थोड्याच वेळात ते राखाडी हिरवं व्हायला लागतं, बघताना खरंच मजा वाटते. ही एक वनस्पती नाहीये, बुरशी आणि शेवाळ एकत्र संसार करतात तो हा प्रकार, आणि यातल्या काही जाती वर्षाला मिलिमीटरपेक्षाही कमी वाढतात, इतक्या सावकाश की एखादा दगड किती वर्षांपासून उघडा पडलाय याचा अंदाज शास्त्रज्ञ दगडफुलाच्या आकारावरून काढतात. तळहाताएवढा चट्टा दिसला तर तो तुमच्या आजोबांच्या आधीचा असायची शक्यता असते. आपलं यावर्षी काहीच झालं नाही असं वाटत असेल त्या दिवशी याच्यासमोर बसायचं. आणि खरवडायचं मात्र नाही प्लीज.

दुसरी गोष्ट म्हणजे वाऱ्याची पाळी बदलते ती वेळ. स्वच्छ हवेच्या दिवशी ऊन पडलं की उतार तापतात, त्यांना टेकलेली हवा हलकी होऊन वर चढते, म्हणून दिवसा वारा दरीतून वर येतो. सूर्य गेला की उतार झपाट्याने गार होतात, हवा जड होते आणि खाली घसरायला लागते, म्हणून रात्री वारा वरून खाली वाहतो. आणि या दोघांच्या मधे, संध्याकाळी, काही वेळ वारा थांबतो, पानं हलायची थांबतात, धूर सरळ वर जातो, लांबचे आवाज अचानक स्पष्ट येतात. ही वेळ शोधून काढा. तुमच्या जागेवर ती नेमकी कधी येते हे कुठलंच ॲप सांगणार नाही, ओलं बोट हवेत धरून स्वतःच बघायला लागतं, थोडे दिवस बघितलं की अंदाज बसतो. ढगाळ किंवा वादळी दिवशी हे होत नाही हेही ध्यानात ठेवा. माझी दिवसातली कविता म्हणायची वेळ हीच, कारण आवाज चढवायला लागत नाही आणि दिवस संपल्याची जी हुरहुर असते ती नेमकी याच वेळेला लागते.

फोटोचं काय? काढा की, पण आधी पाच मिनिटं नुसतं बघून मग काढा. मोबाईल आधी बाहेर आला तर बघणं राहूनच जातं.

आता कविता, आणि हे जरा सविस्तर

पहिला नियम, मोठ्याने म्हणायची. मनातल्या मनात वाचली की कविता लेखासारखी वाचून होते आणि मग वाटतं, एवढं काय त्यात, कळली की. धीर देण्याचं काम अर्थाइतकंच लय आणि श्वासही करत असतात. २००४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात लोकांना जुन्या ग्रीक महाकाव्यांच्या छंदातल्या ओळी म्हणायला लावल्या तर त्यांचा श्वास आणि हृदयाचे ठोके एका तालात यायला लागले. आपल्याला हे सांगायला अभ्यास नको होता म्हणा, भजनाला बसलेल्या कोणालाही माहीत आहे.

दुसरं, उंचीवर दम कमी पुरतो. २००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ८० टक्के असतो, तिथे लांबच लांब मुक्तछंद म्हणत चढ चढलात तर फेफे उडेल. म्हणून चालताना छोट्या चरणांच्या रचना घ्या. यात आपला अभंग बेस्ट! मोठ्या अभंगाचं माप बघा, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा चरण आखूड. चढाला एका चरणाला एक श्वास असं धरलं की शेवटच्या चार अक्षरांनंतर आपोआप दम घ्यायला जागा मिळते. करून बघा, पायाची लय आणि अक्षरांची लय जुळली की चढ निम्मा वाटतो. उतारावर मात्र म्हणू नका, उतारावर लक्ष पायाखाली हवं.

बसून म्हणायला लांब ओळी घ्या. मंदाक्रांता वृत्त शाळेत गणांसकट पाठ केलं असेल, ते सगळं विसरलात तरी हरकत नाही, एवढंच लक्षात ठेवा की ओळीत १७ अक्षरं असतात आणि चार, मग सहा, मग सात अशी थांबत थांबत ती म्हणायची. पहिली चार तर सगळी दीर्घ उच्चाराची, त्यामुळे घाई करताच येत नाही. कालिदासाचं मेघदूत सगळं याच वृत्तात आहे आणि त्यातली गोष्ट तर आपलीच आहे हो, वर्षभरासाठी डोंगरावर हद्दपार झालेला एक यक्ष, बायको लांब, बोलायला कोणी नाही, म्हणून समोर आलेल्या ढगाशीच बोलायला लागतो! मराठीत त्याची कितीतरी भाषांतरं आहेत, मिळेल ते घ्या, एका बैठकीत संपवायचं नाही, एका दिवसाला एक श्लोक, आणि शक्यतो ढग समोर असताना.

तिसरं, निवड. लोकांना वाटतं डोंगरात राहतोय तर निसर्गकविताच वाचायला हव्यात. काही गरज नाही. पाऊस समोर कोसळत असताना पावसाची कविता वाचली तर बऱ्याचदा ती फिकी पडते. स्वयंपाकघराची, रेल्वे स्टेशनची, आईची, भांडणाची कविता वाचा, डोंगरात या गोष्टींची आठवण जास्त येते. आणि दुःखी असताना उसना उत्साह देणाऱ्या, उठ जागा हो छाप कविता तर अजिबात नकोत, चिडायला होतं. आपल्यापेक्षा किंचित जास्त उदास कविता घ्यायची, म्हणजे कोणीतरी सोबतीला बसल्यासारखं वाटतं. पण एकामागून एक सात-आठ उदास कविता असंही करू नका, एकच घ्यायची आणि बंद.

चौथं, पाठ करा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. डोंगरात लाईट नसते तेव्हा पुस्तक दिसत नाही, नेटवर्क नसतं तेव्हा सर्च होत नाही, थंडीत बॅटरी भराभर उतरते, आणि नेमकी तेव्हाच गरज असते. पाठ करायची पद्धत माझी अशी, कागदावर मोठ्या अक्षरात हाताने लिहायची, भांडी घासायच्या जागेसमोर चिकटवायची, रोज दोन ओळी. तिसऱ्या दिवशी कागद उलटा करून चिकटवायचा आणि अडलं तरच बघायचा. रात्री अंथरुणात एकदा, सकाळी उठल्या उठल्या एकदा. थोडक्याच कविता पक्क्या पाठ असल्या तरी अख्खी थंडी निघते, खरंच. एखादा शब्द चुकला, ओळ मागेपुढे झाली तरी कोणी परीक्षा घ्यायला येत नाहीये.

बाहेर पडताच येत नाही तेव्हा

धुक्याच्या आणि पावसाच्या दिवसांची तयारी आधीच करून ठेवा. खिडकी हीच तुमची जागा. खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवा, टीव्हीकडे नाही. खिडकीचं महत्त्व नुसतं बोलायचं नाहीये, रॉजर उलरिक नावाच्या संशोधकांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटचे रेकॉर्ड तपासले होते, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली.

धुक्यात बघायला काय असतं असं म्हणू नका. हवामानशास्त्रात एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर त्याला धुकं म्हणतात, आणि आपल्याकडचं धुकं बऱ्याचदा चक्क ढगच असतो. तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या खुणा ठरवून घ्या, कुंपण, मग खांब, मग झाड, मग समोरचं छप्पर, आणि आत्ता कितवी खूण दिसतेय ते बघत राहा. थंडीत उलटाही प्रकार होतो, रात्री गार हवा जड होऊन दरीत साठते, सकाळी धुकं खाली आणि वर लख्ख ऊन. तुमचं घर धुक्यात असेल आणि चढून जाण्यासारखी ओळखीची सुरक्षित वाट असेल तर थोडं वर जाऊन बघा, कदाचित ऊन तिथे असेल. अनोळखी वाटेने धुक्यात जायचं नाही म्हणजे नाही.

विजा असतील तर काव्य घरात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ताबडतोब आत या, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली किंवा उघड्या धारेवर थांबणं तर नकोच.

दोन ओळी स्वतःच्या

कवी व्हायचं नाहीये, कोणाला दाखवायचं नाहीये. एक स्वस्त वही आणि पेन्सिल घ्या, पेन्सिलच, कारण ओल्या हवेत शाई फुटते आणि थंडीत बॉलपेन रुसतं. रोज फक्त तारीख, वेळ आणि जे दिसलं ते, वाटलं ते नाही. म्हणजे उदास वाटतंय असं लिहायचं नाही, असं लिहायचं: सकाळी सात, धुकं, समोरची टेकडी नाही, दारापासून वाटेचा थोडा भाग दिसतोय.

मग कधी मूड लागला तर त्याच नोंदीवर खेळायचं. वरच्या नोंदीला अभंगाच्या मापात बसवून बघू:

धुकं आलं दारी
पुसली टेकडी
उरली तेवढी
पायवाट

सहा, सहा, सहा, चार. महान वगैरे काही नाही, पण अक्षरं बोटांवर मोजण्यात, टेकडीला यमक शोधण्यात अर्धा-पाऊण तास कसा गेला कळत नाही, आणि तेवढा वेळ डोक्यातलं तेच तेच दळण बंद असतं. मापाचा फायदाच हा आहे. मुक्तछंदात लिहायला बसलं की दुःख भसाभसा बाहेर येतं आणि लिहून झाल्यावर जास्तच खराब वाटतं, निदान मला तरी. अभंग जड वाटला तर हायकू घ्या, तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, नाहीच बसली मोजून तरी तीन ओळी पुरे.

रात्र

डोंगरातली रात्र मोठी असते. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा गरम कपडे घालून दारात या. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, मधे एकदा जरी मोबाईल बघितला की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून टॉर्चला लाल कागद नाहीतर लाल कापड बांधून ठेवा. सगळं आकाश ओळखायच्या भानगडीत पडू नका. कृत्तिकांचा तो छोटा पुंजका दिसत असेल तर त्यात किती तारे मोजता येतात बघा, बहुतेकांना नुसत्या डोळ्यांनी सहा दिसतात, सात दिसले तर हवा आणि डोळे दोन्ही छान आहेत समजा. मग आत येऊन पाठ असलेली सगळ्यात संथ कविता, अंधारात, हळू आवाजात. ओळ संपली की श्वास पूर्ण सोडायचा आणि मगच पुढची. पूर्ण म्हणून व्हायच्या आत बऱ्याचदा झोप लागते, नाही लागली तर पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. दोन आठवडे झाले तरी बहुतेक दिवस मन उदासच आहे, कशात रस वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय, किंवा जगू नये असं वाटायला लागलंय, तर हे दगडफूल आणि अभंगाचं काम नाही, डॉक्टरांशी बोला. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर फोनवर बोला, आणि जगू नये असा विचार मनात आला तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या.

आणि माणसं

निसर्ग आणि कविता यांच्या नादात माणसं सुटायला नकोत, डोंगरात ती आधीच कमी असतात. शेजारी जो कोणी असेल, वाटेवर भेटणारा असेल, त्याला कवितेत रस नसेल पण कुठल्या झाडावर कुठला पक्षी कधी येतो, पाऊस यायच्या आधी काय काय होतं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, ते विचारा आणि वहीत लिहा, बोलायला कायमचा विषय मिळतो. लांबच्या माणसांना मी बरी आहे, तू कसा आहेस याऐवजी एक कविता मोठ्याने वाचून व्हॉइस नोट पाठवा, मिनिटभराचीच. रेंज नसताना रेकॉर्ड करून ठेवा आणि रेंजच्या ठिकाणी गेलात की पाठवून द्या. मागे वारा असेल, कुत्रा भुंकत असेल तर एडिट करू नका, समोरच्याला तेच जास्त आवडतं. आणि त्यालाही सांगा की उत्तर कवितेतच दे, भले शाळेतली अर्धवट आठवणारी का असेना, राहिलेल्या ओळी तुम्ही पूर्ण करून पाठवायच्या.